अलार्म ‘गो ऑफ’ होतो म्हणजे वाजतो की बंद पडतो?

इंग्लिशमधला सगळ्यात वैताग आणणारा प्रकार कुठला, तर फ्रेजल व्हर्ब (म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द जोडून अर्थच बदलणारी जोडी), आणि त्यातही ‘गो ऑफ’. म्हणजे बघा, ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे लाइट गेले, पण ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे अलार्म चक्क वाजायला लागला! बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला की फुटतो, दूध झालं की नासतं (हे ब्रिटिशांचं बोलणं, अमेरिकेत ‘गो बॅड’ जास्त चालतं), आणि ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं.

हे परक्यांना झेपत नाही हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्लिश डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय.

पण यात अगदीच अंदाधुंदी आहे असंही नाही. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1974 मधे दाखवलं की इंग्लिशमधे नेहमीची अवस्था सुटली की बहुतेकदा ‘गो’ येतं आणि परत त्या अवस्थेत आलं की ‘कम’. आता आपलंच बघा ना, माणूस कोमात जातो आणि शुद्धीवर येतो, पोरगं वाया जातं आणि नशीब असेल तर ताळ्यावर येतं. ‘ऑफ’चा जुना अर्थ ‘पासून दूर’, स्विचवरचा ‘बंद’ हा नंतरचा. मग दिव्याचं काम जळत राहायचं, तो त्यापासून ढळला की विझतो, अलार्म मात्र रात्रभर गप्प पडलेला असतो, त्यामुळे तो ढळला की बोंबलणारच! मला तरी हे पटतं. अर्थात ‘द मीटिंग वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे मीटिंग नीट पार पडली, हे यात काही केल्या बसत नाही, ते सरळ पाठ करायचं.

आणि इंग्रज लोक तरी कुठे दर वेळी असा हिशोब मांडतात? 2010 मधे कापेल, श्तिरोव आणि पुल्वरम्युलर या संशोधकांनी लोकांना बोलण्याकडे लक्ष देऊ नका असं सांगून ‘राइज अप’ सारख्या खऱ्या आणि ‘फॉल अप’ सारख्या बोगस जोड्या ऐकवल्या आणि मेंदूतले चुंबकीय सिग्नल मोजले. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच खऱ्या जोडीतल्या ‘अप’ला मोठा सिग्नल आला, ओळखीचा अख्खा शब्द ऐकल्यावर येतो तसाच. म्हणजे मेंदू जोडी फोडत बसत नाही, एकच शब्द म्हणून धरतो. बरं, ‘राइज अप’मधे निदान काहीतरी वर जातं, ‘हीट अप’मधे वर काहीच जात नाही, तरी मेंदूने दोघांना सारखीच दाद दिली.