गोव्यात मोठं आरसी जेट उडवायचंय? वजनाची मर्यादा, यूआयएन, सर्टिफिकेट आणि जागेचे कागद

दोन-अडीच मीटर लांबीचं, खरं टर्बाइन (छोटं जेट इंजिन) लावलेलं आरसी, म्हणजे रेडिओवर चालणारं, जेट बांधायला घेतलं की सगळी चर्चा इंजिनावर सुरू होते. जेटकॅट घ्यायचं की किंगटेक, थ्रस्ट 160 न्यूटन पुरेल की 220 हवा. कागदपत्रांचा विषय निघतो तो विमानाला रंग लागल्यावर, आणि तोवर बऱ्याच गोष्टी बदलायला महाग झालेल्या असतात. माझं मत असं की नोंदणीच्या अर्जाची फाईल पहिल्या फॉर्मरबरोबरच (सांगाड्याच्या पहिल्या आडव्या तुकड्याबरोबरच) उघडावी, कारण फॉर्ममध्ये जे विचारतात त्यातलं निम्मं बांधणीच्या टेबलावर ठरतं.

भारतात रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानासाठी वेगळा कायदा नाही. 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांतच ते येतं. लग्नात फोटो काढणारं चार पंख्यांचं यंत्र आणि तुमचं टर्बाइन जेट, दोन्ही मानवरहित विमानंच. मात्र त्याच नियमांत ‘मॉडेल’ म्हणून एक वर्ग आहे: एकूण वजन 25 किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा हौसेसाठी, आणि उड्डाण डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात. या वर्गात बसलात तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाच्या नमुन्याला मिळणारं मान्यतापत्र, लागत नाही. हीच सगळ्यात मोठी सवलत आहे. टाइप सर्टिफिकेट हे कारखानदाराचं काम आहे. गॅरेजमध्ये एक विमान बांधणाऱ्याच्या आवाक्यातलं ते नाही.

25 किलो कसे मोजायचे

ब्रिटनमध्ये मॉडेल विमानांची 20 किलोची जुनी मर्यादा इंधनाविना मोजली जायची. परदेशी आराखडे आणि किटच्या पुस्तिका वाचून आपल्याकडेही तोच समज पसरला आहे. आपल्या नियमात शब्द आहे ‘ऑल-अप वेट’, म्हणजे उडायला निघालेल्या विमानाचं सगळं वजन. टाकीतलं केरोसीन, बॅटऱ्या, स्मोकचं तेल, सगळं त्यात आलं.

उदाहरण घ्या. इंधन नसताना जेट 21.6 किलो भरलं. टाकी साडेचार लिटरची. केरोसीन लिटरला साधारण 0.8 किलो, म्हणजे 3.6 किलोची भर. बेरीज 25.2. झालं, तुमचं विमान मॉडेल राहिलं नाही, ‘मध्यम’ वर्गात गेलं, आणि टाइप सर्टिफिकेट मागे लागलं. हीच टाकी चार लिटरची केली की बेरीज 24.8 वर येते. 220 न्यूटनच्या आसपासचं टर्बाइन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण पाऊण लिटर पितं. म्हणजे तुम्ही सोडलंत ते चाळीसेक सेकंदांचं इंधन. हा निर्णय टाकी बसवण्याआधी घ्यायचा. फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) केवलारची टाकी चिकटवून झाल्यावर ती बदलणं म्हणजे निम्मं विमान उघडणं.

वजनासाठी तीन काटे लागतात, प्रत्येक चाकाखाली एक. नाक किंचित खाली-वर करून विमान उड्डाणाच्या पातळीत आणायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे. टाकी भरून घेतलेली बेरीज अर्जाच्या कामाची. मुख्य टाकी रिकामी ठेवून घेतलेली गुरुत्वमध्याच्या कामाची: नाकाच्या चाकावरचं वजन गुणिले नाकाच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, भागिले एकूण वजन. नाकावर 2.7 किलो, अंतर 800 मिलिमीटर, एकूण 21.6, तर गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या रेषेच्या 100 मिलिमीटर पुढे. काट्यांवर उभ्या असलेल्या विमानाचा फोटो, आकडे दिसतील असा, फाईलमध्ये ठेवा. पोलिसाने असो की विमा कंपनीने, कोणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा तो पुढे करणं सोपं.

सुटे भाग आणताना

परदेश व्यापार महासंचालनालयाने 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. तयार, अर्धवट जोडलेला किंवा पूर्ण सुटा, तिन्ही स्वरूपांत. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना अपवाद आहे, हौसेला नाही. सुट्या भागांना मात्र परवानगीची गरज नाही. आता रंगवून, बिजागऱ्या बसवून, एका खोक्यात येणारं ‘जवळजवळ तयार’ जेट कस्टम्सच्या अधिकाऱ्याला काय वाटेल? माझ्या मते ते सुट्या स्वरूपातलं ड्रोन म्हणून अडकायची जोखीम खरी आहे. टर्बाइन, सर्व्हो (पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिट्रॅक्ट (आत दुमडणारी चाकं) वेगवेगळे मागवून सांगाडा इथेच बांधणं हा जास्त सुरक्षित रस्ता, आणि खरं सांगायचं तर त्यातच मजा आहे. प्रत्येक भागाचं बिल आणि कस्टम्सचा कागद जपून ठेवा, विशेषतः टर्बाइनचा अनुक्रमांक असलेला.

ट्रान्समीटर 2.4 गिगाहर्ट्‌झचा असेल तर ठरलेल्या शक्तीच्या आत वापरायला वेगळा परवाना लागत नाही. तो पट्टा परवानामुक्त आहे. पण उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. भारतातल्या विक्रेत्याकडून घेताना त्या मान्यतेची प्रत मागा. परदेशातून पिशवीत घालून आणलेल्या ट्रान्समीटरची खरी अडचण तीच असते.

यूआयएन आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट

टाइप सर्टिफिकेट नको म्हणजे नोंदणीही नको, असं समजू नका. 25 किलोच्या आतल्या जेटलाही यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, लागतो. त्यासाठीचा अर्ज फॉर्म डी-2, शुल्क 100 रुपये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा अर्जांचं काम डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरून आपल्या ईजीसीए पोर्टलवर वळवलं आहे. हवाई क्षेत्राचा नकाशा बघायला मात्र डिजिटल स्कायच. अर्जात तुमची ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मोबाईल आणि ईमेल लागतो, विमानाचा प्रकार (तुमचा ‘एरोप्लेन’, ‘रोटरक्राफ्ट’ म्हणजे फिरत्या पंख्यांचा नव्हे), उपप्रकार, वजन आणि अनुक्रमांक लागतात. यूआयएन तीन गोष्टींना बांधलेला असतो: विमानाचा अनुक्रमांक, त्यातलं नियंत्रण युनिट आणि जमिनीवरचं नियंत्रण केंद्र. आपल्या भाषेत रिसीव्हर किंवा जायरो, आणि ट्रान्समीटर. घरी बांधलेल्या विमानाला कारखान्याचा क्रमांक नसतो, म्हणून बांधणाऱ्यानेच एक क्रमांक ठरवून धातूच्या पट्टीवर कोरून फ्यूजलाजमध्ये लावावा आणि सगळीकडे तोच लिहावा. पुढे रिसीव्हर जळला आणि बदलला, तर पोर्टलवर तो बदल नोंदवावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात.

चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं. बिनव्यावसायिक वापरासाठी 2 किलोपर्यंत ते लागत नाही. फोमचं, विजेच्या पंख्यावर चालणारं छोटं ईडीएफ जेट त्यात सहज बसतं, मोठं टर्बाइन जेट नाही. वय 18 ते 65, दहावी पास, आणि मान्यताप्राप्त रिमोट पायलट प्रशिक्षण संस्थेचा कोर्स. पूर्वी पासपोर्ट मागत. सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. सर्टिफिकेट 10 वर्षांसाठी मिळतं. प्रवेश घेण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: ‘स्मॉल’ (2 ते 25 किलो) वर्गात ‘एरोप्लेन’ शिकवता का? बहुतेक संस्थांचा भर मल्टिकॉप्टरवर असतो, आणि त्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर ‘रोटरक्राफ्ट’ लिहून येतं. ते तुमच्या उपयोगाचं नाही. आणि हेही ऐकून ठेवा, की तिथे कोणी तुम्हाला टर्बाइन शिकवणार नाही. ते जुन्या जाणत्या मॉडेलरच्या बाजूला उभं राहूनच शिकायचं.

थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) नॅनो, म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतची, सोडून सगळ्यांना सक्तीचा. विमा कंपन्यांच्या ड्रोन पॉलिसी व्यावसायिक वापर डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात, त्यामुळे एजंट विमानाच्या किमतीचाही विमा गळ्यात मारायला बघतो. थर्ड पार्टीपुरताच मागा.

गोव्यातली जागा

इथे खरी डोकेदुखी सुरू होते. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, आणि तेवढ्यात दोन विमानतळ. दाबोळी तर नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ. तिथलं हवाई नियंत्रणही नौदलाकडे. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाला आणि पेडणे तालुक्याचा बराच भाग हौशींच्या हातून गेला. पलीकडे महाराष्ट्रातलं बांदासुद्धा त्याच वर्तुळात येतं, त्यामुळे ‘सीमा ओलांडली की मोकळं’ हा समजही खोटा.

हिशेब असा. विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा झोन, हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत हिरवा. त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत हिरवा, परवानगी नको. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल नाही, आणि नौदलाच्या आस्थापनांजवळ जाण्याचा विचारही नको. कागदावर पणजीकडची बाजू 8 ते 12 च्या पट्ट्यात येईल, पण 200 फूट म्हणजे 60 मीटर. ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरने जाणाऱ्या जेटला त्यात धड वळणही घेता येत नाही. मी तो पट्टा जेटसाठी बाद धरतो. उरतात डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण. त्यातही म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं वगळा.

सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या पठारावरची) सपाट जागा बघून गाडी थांबवण्याआधी ती कोणाची ते बघा. सर्व्हे नंबर काढून एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या मालकीचा कागद) घ्या. जागा कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) निघाली तर कोमुनिदादच्या समितीचं पत्र लागेल, खाजगी असेल तर मालकाचं. गावच्या पंचायतीची ना-हरकत दोन्ही बाबतींत घ्यावी. पत्रात तारखा, वेळ, विमानाचा यूआयएन आणि विम्याचा क्रमांक लिहा. पोलिस ठाण्याला माहितीचं पत्र देणं नियमात सक्तीचं नसलं तरी टर्बाइनचा आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो. पोच घेतलेली प्रत खिशात असलेली बरी. राज्य सरकार किंवा पोलिस एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतात, आणि व्हीआयपींची ये-जा गोव्यात काही नवी नाही. म्हणून उड्डाणाच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघायचा. ते नियमाने बंधनकारकच आहे.

जांभ्याच्या सड्याबद्दल एक सांगतो, हे कुठल्या फॉर्ममध्ये नाही. तांबडी धूळ आणि बारीक खडे इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडात) ओढले जातात, आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या कंप्रेसरला एक खडा पुरतो. डांबरी पट्टा मिळत नसेल तर पावसाळ्यानंतर गवत धरलेली जमीन पत्करा, इनटेकला जाळी लावा, आणि इंजिन सुरू करताना खाली जुनी ताडपत्री अंथरा.

इंधन, फेल-सेफ आणि अपघाताची नोंद

केरोसीन पेट्रोलियम कायद्यातल्या ‘ब’ वर्गात येतं. 2,500 लिटरपर्यंत आणि एका भांड्यात 1,000 लिटरपेक्षा जास्त नसेल तर साठवायला परवाना नको. तुमचा वीस लिटरचा कॅन त्याच्या जवळपासही नाही. रेशनचं निळं केरोसीन मात्र वापरू नका, ते दुसऱ्या कामाला वळवणं गुन्हा आहे. साध्या केरोसीनमध्ये टर्बाइनचं तेल चार-पाच टक्के मिसळायचं, आणि सुरू करताना जवळ सीओ-2 चा अग्निशामक ठेवायचा.

टर्बाइनच्या फेल-सेफबद्दल आपल्याकडे वेगळा नियम नाही, म्हणून बरेच जण अमेरिकेतल्या मॉडेलरांच्या संघटनेची पद्धत उचलतात: सिग्नल तुटला की इंजिन बंद. हे काम रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये होतं. विमान बांधून ठेवून, इंजिन चालू असताना ट्रान्समीटर बंद करून बघा. त्याचा व्हिडिओही फाईलमध्ये जाऊ द्या.

अपघात झाला तर 48 तासांच्या आत पोर्टलवर महासंचालनालयाला कळवावं लागतं. नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत. सप्टेंबर 2025 मध्ये ड्रोनसाठी नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला होता, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचे नियम एकदा नजरेखालून घाला. विमान विकलंत, मोडीत काढलंत किंवा परत उभं करता येणार नाही इतकं आपटलं, तर फॉर्म डी-3 भरून यूआयएन नव्या मालकाच्या नावावर करा किंवा रद्द करून घ्या. तोवर ते विमान तुमच्याच नावावर राहतं.