कोकरू नेल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

आमच्याकडून कोकरे नेणाऱ्यांचे फोन बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. तक्रार एकच: परवापर्यंत उड्या मारत होते, आज मान टाकली. खुराक किती दिला विचारले की उत्तर येते, "जास्त नाही, एक डबा मका." घोटाळा त्या डब्यातच आहे.

एक लिटरच्या डब्यात गव्हाचा कोंडा जेमतेम पाव किलो बसतो, मक्याचे दाणे मात्र सातशे ग्रॅमच्या आसपास. सवय नसलेल्या 15 किलोच्या कोकराला एका वेळी एवढा मका म्हणजे जिवाशी खेळ. चारा पचवतात ते कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव, आणि नव्या खाद्याला सरावायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी धान्य भरपूर गेले तर पोटात आम्ल साठते. कोकरू चारा सोडते, दात खाते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. धान्य पिठासारखे बारीक दळलेले असेल तर हे आणखी लवकर घडते, म्हणून भरडा जाडसरच ठेवा.

"पण तुम्ही तर लस दिली होती!" हो, आंत्रविषाराचे दोन्ही डोस देऊनच आम्ही कोकरू सोडतो, तारखा कार्डावर आहेत. पण पोटातल्या आम्लतेवर लस नसते. शिवाय आंत्रविषाराचे जिवाणू निरोगी कोकराच्या आतड्यातही थोडेफार असतातच. न पचलेले पिष्ट तिथवर पोचले की ते झपाट्याने वाढून विष सोडतात, आणि लसीचे संरक्षण अशा वेळी कमी पडू शकते. खादाड, धडधाकट कोकरू आधी दगावते ते यामुळेच.

म्हणून प्रत्येक कोकरामागे आमच्या खुराकाची दोन किलोची पिशवी आम्ही देतो. ती भेट म्हणून नाही, वापरायला आहे. पहिल्या दिवशी फक्त स्वच्छ पाणी आणि कोरडा चारा. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी आमचा खुराक रोज 200 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. सहाव्यापासून आठव्यापर्यंत आमचा 150 आणि तुमचा 50, पुढचे तीन दिवस निम्मा-निम्मा, बाराव्या ते चौदाव्या दिवशी आमचा 50 आणि तुमचा 150. पंधराव्या दिवसापासून सगळा तुमचा. हिशेबाने 1 किलो 700 ग्रॅम लागतो, बाकीचा सांडलवंडीसाठी. त्यानंतर दर चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. 15 किलोच्या कोकराला 300 ग्रॅमपर्यंत पुरे. डबा वापरायचाच असेल तर तुमचा खुराक एकदा त्यात भरून तोला आणि खूण करून ठेवा. खुराक बदलला की खूणही बदला.

आधी कोरडा चारा, मग खुराक; हा क्रम उलटा करू नका. गव्हाणीत प्रत्येकाला एक फूट तरी जागा हवी, नाहीतर दांडगे कोकरू दोघांचा वाटा खाते आणि तुमचे मोजमाप वाया जाते. खुराकाचे पोते दाराआड ठेवा. पहिल्या रात्री कोकरू ओरडते ते सोबत्यांसाठी, भुकेने नव्हे. खुराक दाखवून त्याला गप्प करू नका. एकटे कोकरू आम्ही विकत नाही, ते याचसाठी. त्यावरून नाराज होणारे असतात, पण तो नियम आम्ही मोडत नाही.

रोज सकाळी लेंड्या बघा. सुट्या आणि घट्ट असतील तर ठीक. एकमेकींना चिकटून गोळा पडू लागला की त्याच वेळी खुराक बंद, फक्त कोरडा चारा आणि पाणी. दुसऱ्या दिवशी सुधारणा नसेल, कोकरू सुस्त असेल किंवा पातळ हगवण सुरू झाली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा. मान मागे ताणून पाय झाडत असेल तर तासभरही थांबू नका. घरगुती काढे नळीने पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातात.

क्षारमिश्रण मेंढ्यांसाठीचेच घ्या. गाईगुरांच्या मिश्रणातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि महिन्यांनी अचानक बाधते.

दोन महिन्यांची कोकरे स्वस्तात मिळतात, मग आमची 90 दिवसांची का, असेही विचारले जाते. आम्ही दूध तोडल्यावर तीन आठवडे कोकरू स्वतःकडे ठेवतो. आईपासून तुटणे, प्रवास आणि नवे खाद्य हे तिन्ही एकाच आठवड्यात आले तर वाढ खुंटते. नेण्याच्या सकाळी खुराक देत नाही, त्यामुळे गाडीत चढताना पोट खपाटीला दिसते. ते उपाशी नसते, चारा खाल्लेला असतो.

तुमचा खुराक ठरला नसेल तर आमचाच महिनाभराचा आगाऊ सांगून घेता येतो. फोन करताना कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि आदल्या दोन दिवसांत दिलेला खुराक ग्रॅममध्ये सांगा, डब्यात नको.