आडव्या झालेल्या माडाचं लाकूड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या. पडलेलं माडाचं खोड म्हणजे कचरा, फार तर जळण, असंच आपण धरून चालतो; त्याचं फर्निचर होऊ शकतं हे ध्यानातच येत नाही. ते वाडीत कुजत ठेवणं महागात पडतं. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्यातले भुंगे मोठे झाले की उभ्या माडांचे शेंडे पोखरतात.

खरं तर हे खोड कोकणी माणसाला आतून ठाऊक आहे. पोफळ उभी चिरायची, आतला भुसभुशीत भाग कोरून काढायचा, की पाटाच्या पाण्याला पन्हळ तयार. कड टणक, गाभा मऊ. माडाचंही तेच. साग-फणसासारखं त्याचं खोड वर्षागणिक जाड होत नाही, त्यात वलयं नसतात आणि फांद्याच नाहीत म्हणून गाठीही नाहीत. पाणी-अन्न वाहणारे चिवट धागे सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात. वयासोबत जुन्या पेशींच्या भिंती जाड होतात, त्यामुळे म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याची कड सगळ्यांत कणखर. वाऱ्यात खोड वाकतं तेव्हा ताणही कडेलाच सर्वाधिक येतो!

ही कड घनमीटरला ६०० किलोच्या वर भरते, म्हणजे सागाच्या पंक्तीला बसते. गाभा ४०० च्याही खाली. फर्निचरची रचना इथंच ठरते. पाय आणि बैठक कडेच्या पट्ट्यांची, त्याही एकमेकींना जोडून, कारण रुंद फळी निघतच नाही. गाभ्यावर वजन टाकायचं नाही. रंधा मारल्यावर उभ्या कापात गडद तपकिरी रेघा दिसतात, आडव्या कापात त्यांचेच ठिपके. मला हे रूप सागाहून देखणं वाटतं. साध्या पात्याची धार मात्र लगेच जाते, कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या दातांचं पातं लागतं. स्क्रूआधी भोक पाडलं नाही तर पट्टी तडकते.

खरी शर्यत वेळेशी असते. खोडात साखर आणि स्टार्च भरपूर, त्यात पावसाळी दमट हवा, की बुरशी धरलीच. म्हणून झाड पडल्यावर लवकर चिरावं, पट्ट्या बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवाव्यात आणि मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशा, सावलीत रचाव्यात. हे द्रावण पावसात धुऊन जातं. तेव्हा माडाचा बाक पडवीत ठेवा, अंगणात नको.