आधी की सोबत? टीएमएस-टीडीसीएस जोडताना होणारा घोळ

टीएमएस, म्हणजे चुंबकीय ठोक्यांनी कवटीबाहेरून मेंदू उत्तेजित करणं, तुम्हाला ठाऊकच आहे: डोक्यावर कॉइल, 'टक्' असा आवाज आणि तर्जनी उडते. टीडीसीएसमध्ये, म्हणजे कवटीबाहेरून एकदिश वीज देण्यात, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज आणि १-२ मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह. त्याने बोट उडत नाही. चेतापेशी पेटायला थोड्या जास्त (अ‍ॅनोडल प्रवाहाने) किंवा थोड्या कमी (उलट दिशेच्या, कॅथोडल प्रवाहाने) तयार होतात, इतकंच. हा फरक कुणालाही समजतो.

घोळ होतो तो दोन्ही जोडताना. 'अ‍ॅनोडल प्रवाहाने मोटर कॉर्टेक्सची (हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागाची) उत्तेजनक्षमता वाढते, जलद टीएमएसनेही वाढते, मग एकापाठोपाठ एक द्या, परिणाम दुप्पट.' हे वाचलं की माझं डोकं फिरतं. एकापाठोपाठ देणं आणि एकाच वेळी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झीबनर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा प्रयोग बघा. आधी १० मिनिटं टीडीसीएस, मग १ हर्ट्झचं (सेकंदाला एक ठोका) टीएमएस, तेही इतकं सौम्य की आधी खोटा प्रवाह दिलेला असताना त्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. पण आधी अ‍ॅनोडल दिल्यावर त्याच टीएमएसने उत्तेजनक्षमता खाली आणली आणि आधी कॅथोडल दिल्यावर वर नेली. टीएमएस तेच, दिशा उलटी! चेतापेशींची जोडणी बळकट व्हायची की कमकुवत, हे ठरवणारा उंबरठा आधीच्या हालचालीनुसार सरकतो, ही बिएनेनस्टॉक, कूपर आणि मन्रो यांची १९८२ ची मांडणी इथे हाताच्या स्नायूंत दिसते. आधीचा प्रवाह पुढच्या उत्तेजनात मिळवला जात नाही, पुढच्याचा अर्थच बदलतो.

सोबत देण्याची गोष्ट निराळी. स्टॅग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये टीएमएसऐवजी बोटांच्या हालचालींचा क्रम शिकवला. शिकताना अ‍ॅनोडल दिल्यावर शिकण्याचा वेग वाढला, कॅथोडलने घटला. शिकण्याआधी दिल्यावर मात्र दोन्हींनी वेग कमीच केला.

म्हणून शोधनिबंधात नुसतं 'एकत्रित उत्तेजन' लिहिणं मला अजिबात मान्य नाही. पहिलं कधी संपलं, दुसरं किती मिनिटांनी सुरू झालं आणि मधल्या वेळात हात खरंच सैल होता का, हे लिहा. मधे मूठ आवळली असेल, तर तीही एक उत्तेजनाच आहे.