दाताचा फोटो: २५ मिनिटांपासून सेकंदाच्या अंशापर्यंत

दाताच्या एक्स-रेला बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पेशंट आजही ‘दाताचा फोटो’च म्हणतात, आणि पहिला खरोखर फोटोच होता. जानेवारी १८९६ मध्ये, राँटगेनने एक्स-रे शोधल्याला जेमतेम दोन महिने होत असताना, जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी काचेची फोटोप्लेट स्वतःच्या तोंडात धरून २५ मिनिटे किरण घेतले. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स एक्स-रे ट्यूब नीट जुळली का हे पाहायला झोतात आपलाच हात धरायचे. त्यांची आधी बोटे गेली, मग हात. बॉस्टनच्या विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांतून धोका दाखवला, ट्यूबला शिशाचे आवरण घाला, झोत आवळा असेही सांगितले. फारसे कुणी ऐकले नाही.

पुढे डोस घटला तो मुख्यतः फिल्ममुळे. आधी १९५५ ची डी-स्पीड, मग १९८१ ची जास्त संवेदनशील ई-स्पीड; दुसरीला पहिलीच्या निम्मे किरण पुरतात. पण ही बचत डार्करूममध्ये सहज वाया जाते. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचे द्रावण, २० अंशांना ५ मिनिटे, २७ अंशांच्या आसपास अडीच मिनिटे. घड्याळ, थर्मामीटर न वापरता ‘दिसलं की काढलं’ केले, किंवा डेव्हलपर थकला, तर फिल्म फिकी येते. मग द्रावण बदलण्याऐवजी एक्स्पोजर, म्हणजे किरण सोडण्याची वेळ, वाढवले जाते आणि द्रावणाच्या आळसाची किंमत पेशंट मोजतो. जुन्या मशीनवर व्होल्टेज पडले तरी फिल्म अशीच फिकी. म्हणून दोष शोधताना आधी विजेची लाइन, मग द्रावण. टायमरला हात शेवटी. डार्करूममधल्या लाल दिव्याची परीक्षा सोपी: कोऱ्या फिल्मवर नाणे ठेवून दोन-तीन मिनिटांनी ती धुवावी. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा किंवा दाराची फट खराब.

१९८० च्या दशकाअखेर आरव्हीजी, म्हणजे फिल्मऐवजी सेन्सरवर घेतलेला डिजिटल एक्स-रे, आले, डार्करूम सुटली. खोड मात्र उलटी झाली. डिजिटलमध्ये किरण कमी पडले तर चित्र खरखरीत दिसते, म्हणून लगेच कळते. थोडे जास्त पडले तर सॉफ्टवेअर सांभाळून घेते, चित्र छानच दिसते, आणि डोस हळूहळू चढत राहतो.

एक्स-रे मशीनवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ चे, किरणोत्सर्ग संरक्षण नियम २००४ चे. दोन्ही केंद्राचे, त्यामुळे चंदगड आणि खानापूर यांच्यामध्ये राज्य बदलले तरी नियम तेच. मशीनची नोंदणी मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवर, गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी. त्यात केव्ही (ट्यूबचे व्होल्टेज), टायमर, किरणांची गळती बघतात. ७० केव्हीपर्यंत निरुपयोगी किरण अडवणारी गाळणी किमान १.५ मिमी ॲल्युमिनियमइतकी हवी. मशीनच्या नळीच्या (कोन) टोकाला झोत ६ सेंमीपेक्षा रुंद नको. स्टाफला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बिल्ला तीन महिन्यांनी बदलायचा, आणि फिल्म पेशंटच्या तोंडात स्टाफने बोटाने धरायची नाही. केल्सच्या काळाला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ही सवय अजून दिसते.

शिशाचा एप्रन घडी घालून ठेवला की आतून चिरतो. तो आडव्या दांडीवर टांगावा. ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ ही पाटी आपल्या भागात कन्नड आणि मराठी दोन्हीत हवी, कारण ती वाचायची आहे पेशंटने.