हौसेच्या लिखाणाची बिदागी

अंत्रुज महालातल्या, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातल्या, देवळात कीर्तनाचा उत्तररंग आटोपला की सगळे उभे राहतात. आरती होते आणि पेटत्या निरांजनाचं ताट सभामंडपातून फिरू लागतं. एका हाताने ज्योतीची ऊब घेऊन डोळ्यांना लावायची, दुसऱ्या हाताने ताटात दहाची नोट ठेवायची. नोट ज्योतीला लागू नये म्हणून तिची घडी करून नाण्यांच्या खाली सरकवायची, हे आम्ही शाळेत जायच्या आधीच शिकलो. खिशात काही नसलं तरी ताट तुमच्यापुढे तितकाच वेळ थांबतं. ताट धरणारा तुमच्या हाताकडे बघत नाही.

हौसेने गोष्टी, कविता लिहिणाऱ्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो: वाचणाऱ्याने आपणहून चार पैसे पाठवले तर ते घ्यावेत का? गोष्टीच्या शेवटी क्यूआर कोड ठेवावा का? हा प्रश्न मोबाइलबरोबर आला असं समजून बोललं जातं. मला तो त्या ताटाइतका जुना वाटतो.

आधी शब्दांचं. स्वखुशीने दिलेल्या पैशाला आपल्याकडे अनेक नावं आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. दक्षिणा विद्येला. मानधन संस्था देते, पाकिटातून, सही घेऊन. बक्षीस उत्सवी नाटकातलं: दोन अंकांच्या मध्ये माइकवरून पुकारतात, अमक्यांकडून नाट्यपदासाठी एकशे एक रुपये. बिदागी म्हणजे कलावंताला निरोप देताना त्याच्या हातावर ठेवायचं ते. ‘टीप’ हा शब्द मात्र हॉटेलातून आला. तो लिखाणाला लावला की लिहिणारा अंग चोरतो. आपला निम्मा संकोच या शब्दामुळे आहे, असं माझं मत. मी बिदागीच म्हणेन.

गोव्यात तर देणाऱ्याची ही रीत अंगणापर्यंत आलेली आहे. शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, मांडावर, गावच्या ठरलेल्या जागी, नमन घालून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा मेळ घरोघर निघतो. अंगणात घुमट, शामेळ, कासाळं वाजतं. घरधनी तांदूळ, नारळ आणि वर पैसे ठेवतो आणि मेळ त्या घराच्या नावाने तळी म्हणतो, लेकराबाळांचं, गुराढोरांचं बरं चिंततो. किती द्यायचं हे कोणी सांगत नाही. गाणारे सगळे गावचेच असतात, कोणी शेतकरी, कोणी सुतार. म्हणजे हौसेने गाणाऱ्याने स्वखुशीचं घेणं आमच्याकडे कधी वावगं नव्हतं.

लिखाणाची वाट मात्र खडतर होती. १६८४ साली पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. मराठी पोथी, पुराण, भजन टिकलं ते मुख्यतः त्या अंमलाबाहेरच्या देवळांच्या आधाराने. मंगेशीचा देव १५६० च्या सुमारास पोर्तुगीज अंमलातल्या कुशस्थळीहून फोंड्यातल्या प्रियोळला आला आणि फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो थेट १७६३ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत या देवळांत पुराण सांगणाऱ्याला श्रोत्यांनी जे दिलं, तांदूळ, नारळ, सुपारीवर ठेवलेलं नाणं, तेच आपल्याकडचं वाचकाने शब्दाला दिलेलं पहिलं दान म्हणायला हवं.

याच्या उलट जाणारी परंपराही तितकीच पक्की आहे. तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. तुकोबांनी जिथे कीर्तन करावं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, असं बजावलं. द्रव्य घेणारे आणि देणारेही नरकात जातात, इतक्या कडक शब्दांत. आणि आपल्या पेडण्याच्या मातीत ज्यांचं नाव महाविद्यालयाला दिलं आहे ते संतकवी सोहिरोबानाथ आंबिये. जन्म १७१४ चा, बांद्याचा. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांनी आपल्या कविता त्यांना दाखवल्या, नाथांनी तोंडदेखली स्तुती करायला नकार दिला आणि आम्हा फकिरांना तुझी गरज नाही असं तोंडावर ऐकवलं, असं सांगतात. या कथेचा अर्थ मी असा घेतो: नाथांचा विरोध भिक्षेला नव्हता, फकीर तर भिक्षेवरच जगतो. देणाऱ्याच्या मर्जीने शब्द वाकवायला त्यांचा नकार होता. दोन्ही गोष्टी एकच मानल्या की घोटाळा होतो.

सत्तेनेही लेखनाला पैसे दिले. पेशवे श्रावणात पुण्याला शास्त्र्यांना दक्षिणा वाटत. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती रक्कम आखडून वर्षाला पन्नास हजारांवर आणली. मग १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी अर्ज केला की यातला काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली ती यातूनच. दानाचं बक्षीस झालं आणि बक्षीस म्हटल्यावर परीक्षक आला. कोणी काय लिहावं हे ठरवणारं एक टेबल तेव्हापासून लेखक आणि वाचक यांच्या मध्ये बसलं.

मग आजचा संकोच नेमका कुठून आला? गोव्यापुरतं मला स्पष्ट दिसतं ते असं. इथे गाण्या-नाचण्यावर पोट असलेला समाज होता, देवळाशी बांधलेला कलावंतांचा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. त्यांच्या कलेवर जग डोललं, पण ‘पैसे घेऊन कला करणारे’ हे समाजाने त्यांना सन्मानाने म्हटलं नव्हतं. त्यामुळे बाकीच्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवताना ‘आम्ही हौशी’ ही पाटी आधी लावली. उत्सवात नाटक करणारा गावकरी पदरचे पैसे घालायचा, रंगपटापासून पेट्रोमॅक्सच्या भाड्यापर्यंत, आणि त्याचा त्याला अभिमान असायचा. हौस म्हणजे अब्रू आणि मोबदला म्हणजे धंदा, ही रेघ तेव्हा ओढली गेली. तिच्यात जातीचा आणि बाईच्या अपमानाचा अंश आहे. हौशी लिहिणाऱ्याने ती रेघ पवित्र मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

लेखकांनीही तीच सवय लावून घेतली. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला आणि मराठीत लिहिण्याला एक हंगाम मिळाला. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झालं आणि इथल्या लिहिणाऱ्यांना आपल्या दाराशी छापील जागा मिळाली. पण पोट वेगळ्या कामावर. बा. भ. बोरकरांसारखा कवी आधी शिक्षक होता, मग आकाशवाणीत. माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली तेव्हा मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली, तीही मी टपालखर्च पाठवल्यावर. मी ती आईला दाखवली. तिने पानं चाळली आणि विचारलं, वाचणारे कुठे भेटतात?

तेच नव्हतं. वाचक आणि लेखक यांच्यात थेट ताट फिरवायची सोयच नव्हती. ती आली बाहेरून. २००० साली अमेरिकेत स्टीफन किंगने ‘द प्लांट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने इंटरनेटवर ठेवली. वाचा आणि आठवणीने डॉलर द्या, शंभरातल्या पंचाहत्तरांनी दिला तर पुढे लिहीन, अशी अट. सहा भागांनंतर ती थांबली. अट घातलेलं ताट फिरत नाही, हे मला त्यातून दिसतं. २०१३ मध्ये पेट्रिऑन आलं, दरमहा वर्गणीने कलावंताला पोसण्याची सोय. आपल्याकडे २०१४ मध्ये प्रतिलिपी हे गोष्टी लिहिण्या-वाचण्याचं संकेतस्थळ आलं आणि गावागावांतल्या गृहिणी, कंडक्टर, नर्स मराठीत लिहू लागल्या. पण खरा फरक पडला २०१६ च्या यूपीआयने. अकरा रुपये पाठवायला आता एक पैसाही खर्च येत नाही.

वाचकांनी त्या यंत्रात जुनी रीतच आणली. मला आजवर कोणी पन्नास किंवा शंभर पाठवलेले नाहीत. एकावन्न येतात, एकशे एक येतात. वरचा एक रुपया कोणी शिकवावा लागत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. लिखाणापायी आलेली रक्कम आयकराच्या दृष्टीने उत्पन्नच धरून चालावं, तिला भेट म्हटल्याने सुटका होते असं नाही. वहीत तारीख आणि रक्कम लिहून ठेवावी. सरकारी नोकरांना अधूनमधूनच्या साहित्यिक कामाची मुभा असते, पण पैसे घ्यायचे तर आपल्या खात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. गोव्यात लिहिणाऱ्यांत शिक्षक आणि सरकारी कारकून फार, म्हणून हे सांगितलं.

माझी एक लांब गोष्ट मी भागाभागाने देत होतो. तिच्यातले तात्या, मांडवीवर फेरीबोट चालवणारे, आजारी पडले तेव्हा एका वाचकाने पाचशे एक रुपये पाठवले आणि सोबत निरोप: तात्यांना मारू नका. मी रात्रभर त्या आकड्याकडे बघत होतो. एवढं कोणी माझ्या माणसावर जीव लावला होता. सकाळी मी पैसे परत पाठवले आणि लिहिलं, भाग संपल्यावर वाटलं तर द्या, आता नको. तात्या पुढच्या भागात गेले, जसे जायचे होते तसे, पहाटेच्या पहिल्या फेरीला.