कलमाच्या सांध्यात काय घडते?

मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या गावच्या बागकाम मंडळाचा कलमांचा दिवस होता. गाव इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातले आहे आणि मंडळ अगदी साधे: हिवाळ्यात व्याख्याने, जानेवारीत बियाण्याच्या बटाट्यांची एकत्र खरेदी, मे महिन्यात रोपांची विक्री, जूनमध्ये सभासदांच्या बागांना भेटी आणि ऑगस्टमध्ये प्रदर्शन, ज्यात बशीतले पाच कांदे एकसारखे आहेत की नाहीत यावरून जुने स्नेह पणाला लागतात. त्या शनिवारी एका नव्या सभासद बाईंनी सांगितले, की ब्रॅम्ली सफरचंदाच्या बिया त्यांनी कुंडीत लावल्या असून रोपे वीतभर झाली आहेत, तर ब्रॅम्ली केव्हा धरेल? शेजारचे गृहस्थ म्हणाले, कधीच नाही, त्यासाठी कलम करून दोन झाडांचा संकर करावा लागतो. उत्तराचा पहिला भाग बरोबर होता आणि दुसरा चूक. ही चूक मी रत्नागिरीपासून नॉटिंगहॅमपर्यंत ऐकत आलो आहे.

पहिला भाग कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हापूसची कोय रुजवली तर उगवतो तो रायवळ, कारण बी हे आई आणि बाप या दोघांचे अपत्य असते. सफरचंदाचे फूल तर सहसा स्वतःच्या जातीचा पराग स्वीकारतच नाही, त्यामुळे बाप बहुधा परका. ब्रॅम्लीची अडचण आणखी वेगळी आहे. साध्या सफरचंदाच्या पेशीत ३४ गुणसूत्रे असतात, ब्रॅम्लीच्या पेशीत ५१, आणि या विषम संख्येची दोन सारखी वाटणी होत नसल्याने तिचा पराग बहुतांशी निकामी निघतो. बाईंच्या कुंडीतून काहीही निघू शकेल. ब्रॅम्ली निघणार नाही.

ब्रॅम्ली स्वतः मात्र अशाच एका कुंडीतून निघालेली आहे. आमच्या परगण्यातल्या साउथवेल गावी १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने काही बिया लावल्या आणि त्यांतल्या एकीचे झाड झाले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या रोपवाटिकावाल्याने त्या झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे या अटीवर ब्रॅम्लीने त्या दिल्या. मुलीच्या पदरी काहीच आले नाही. आज आमच्या मंडळाच्या एका सभासदाच्या दारात ब्रॅम्लीचे झाड अर्ध्या पिंपात, माणसाच्या उंचीएवढे उभे आहे, तर चर्चमागच्या जुन्या बागेत शिडी लावल्याशिवाय फळ हाती येत नाही. ही दोन झाडे एकमेकांची भावंडेसुद्धा नाहीत. जमिनीवरच्या भागापुरते बोलायचे तर दोन्हीकडे १८०९ चे तेच एक झाड आहे. फरक खुंटाचा आहे, म्हणजे ज्यावर काडी बांधतात त्या मुळांसकट खालच्या झाडाचा. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने सफरचंदाचे खुंट निवडून, वर्गवारी करून त्यांना क्रमांक दिले, आणि त्यांतल्या एम-२७ या खुंटावर बांधलेले झाड जेमतेम दोन मीटर वाढते.

आता सांधा. हिवाळ्यात झाड झोपेत असताना पेन्सिलीएवढी काडी कापून ओलसर कागदात, थंड जागी ठेवतात. मार्चमध्ये खुंटात रस चढू लागला, की खुंटावर आणि काडीवर बोटाच्या दोन पेरांएवढा तिरपा काप घेतात, दोन्ही कापांत एकेक जिभली उठवतात आणि जिभल्या एकमेकींत अडकवतात. काप ताजा असताना नीट पाहावे. बाहेर तपकिरी साल, आत पांढरट लाकूड आणि दोघांच्या मध्ये केसासारखी हिरवट, निसरडी रेघ दिसते. या रेघेतच कॅंबियम असते, काही पेशींइतक्याच जाडीचा थर, जो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करत राहतो. लाकूड लाकडाला जुळत नाही आणि साल सालीला जुळत नाही. जुळतात त्या या रेघेजवळच्या जिवंत पेशी. माझे पहिले कलम मेले ते यामुळेच. जाड खुंटाच्या बरोबर मधोमध मी बारीक काडी बसवली होती. दिसायला ती सुबक होती, पण दोन्ही कडांची रेघ खुंटाच्या रेघेपासून दूर राहिली. काडी बारीक असेल तर ती एका कडेला सरकवावी आणि निदान एक बाजू तरी जुळवावी.

काप घेतला की त्यावरच्या पेशी मरतात. त्यांच्या मागच्या जिवंत पेशी विभाजू लागतात आणि दोन्ही बाजूंनी कॅलस नावाचा मऊ, अजून कोणतेच काम न नेमलेला गोळा पुढे सरकून फट भरतो. पट्टी घट्ट बांधायची ती फट लहान राहावी आणि कॅलस सुकू नये म्हणून. पण नुसता कॅलस म्हणजे पूल नव्हे, कारण त्यातून पाणी धड वाहत नाही. इथे ऑक्सिन या संप्रेरकाचे काम सुरू होते. ते कळ्या-पालवीत तयार होऊन खोडातून खाली वाहते आणि काप आडवा आला की कापाच्या वर साचते. साचलेले ऑक्सिन कॅलसमधून वाट शोधते. ज्या पेशींतून ते अधिक जाते त्या पेशी त्याला आणखी सुलभपणे जाऊ देतात, आणि माळरानावर पावलांनी पायवाट पडावी तशी पेशींची एक ओळ ठरते. पुढे त्याच ओळीच्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या होतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपांवर कलमे करून हे वेळापत्रक मोजले, तेव्हा रसवाहिन्या साधारण तिसऱ्या दिवशी जुळल्या आणि जलवाहिन्या सहाव्या-सातव्या दिवशी. सफरचंदाला याच कामासाठी कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर काडी स्वतःच्या साठ्यावर जगते. नारळ-केळीचे कलम आपल्या पद्धतीने होत नाही याचे कारणही इथेच आहे: त्यांच्या खोडात कॅंबियमचा असा सलग थरच नसतो.

या साऱ्यात कोठेही संकर नाही. वरच्या पेशी वरच्या जातीच्या राहतात, खालच्या खालच्या, आणि सांध्यातून पाणी, साखर, संप्रेरके व काही रेणू ये-जा करतात. सांध्यालगतच्या मोजक्या पेशींत हरितलवकांचा, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांचा, जनुकसंच पलीकडे गेल्याचे तंबाखूच्या कलमांत २००९ मध्ये दिसले, पण त्यामुळे फांदीवरचे फळ बदलत नाही. सोव्हिएत रशियात लिसेंको या कृषितज्ज्ञाने कलमाने आनुवंशिकता बदलते असे सांगितले, सत्तेने ते उचलून धरले आणि विरोध करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मेला. आज तेच आपल्याकडे मोबाइलवर कडुनिंबावर आंबा बांधल्याच्या, आणि त्या आंब्याने मधुमेह बरा होत असल्याच्या रूपात फिरते. आंबा आणि कडुनिंब यांची कुळेच वेगळी आहेत. नाशपाती क्विन्स या फळझाडावर बसते, पण ती एकाच कुळातली दोन माणसे आहेत, आणि तरीही नाशपातीच्या काही जातींचे क्विन्सशी पटत नाही. वाढत्या चंद्रावर बांधलेली काडी हमखास जगते असे मानणारे सभासद आमच्याकडेही आहेत. त्यांची सुरी धारदार असते, आणि श्रेय चंद्राला जाते.

एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो आमच्याच एका सभासदाच्या बागेत उभा आहे. पॅरिसजवळच्या अ‍ॅडम नावाच्या रोपवाटिकावाल्याने १८२५ मध्ये लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडावर जांभळ्या ब्रूम या झुडपाचे कलम बांधले होते. सांध्यावरच एक कोंब फुटला, ज्याचा गाभा लॅबर्नमचा आणि वरची त्वचा ब्रूमची होती. जूनमधल्या भेटीत त्या झाडावर आपल्या बहाव्यासारखे पिवळे घोस, शेजारी जांभळी झुडपी फुले आणि मध्येच दोन्हींच्या मधल्या रंगाचे, काहीसे मळके गुलाबी घोस एकाच वेळी दिसतात. संकराच्या इतके जवळ कलम जाते, आणि तरीही तिथे प्रत्येक पेशी दोघांपैकी कोणत्या तरी एकाच जातीची असते. लबाडी आहे ती थरांच्या मांडणीत.

साउथवेलचे मूळ झाड १९०० मध्ये वादळात आडवे झाले, पडल्या खोडातून पुन्हा उठले, आणि अलीकडे बुरशीने त्याची मुळे पोखरली आहेत. बाईंना त्या शनिवारी चर्चमागच्या झाडाची काडी बांधून दिली. एप्रिलअखेर तिचा वरचा डोळा फुटला आहे. जुलैत पट्टी कापून काढायची आठवण त्यांना द्यायची आहे, कारण खोड जाड होऊ लागले की ती सालीत रुतते आणि जुळलेला सांधा तिथेच मोडतो.